इंग्रजी दप्तरांतील रकमांचीं चिन्हें व त्यांच्या जागा

जुन्या कागदांच्या एका संग्राहकांनीं कांहीं वर्षांपूर्वीं मुंबईच्या एका व्यापारी घराण्यांतील दुभाषी पावती आम्हांस वाचावयास दिली. कागद इ. स. १८३५ च्या पूर्वींचा. वरच्या अंगास इंग्रजी व खालीं मोडी. इंग्रजी भागांत रुपयांचीं ‘आर्-एस्’ हीं दोन अक्षरें आधीं काढून पुढें तीनशें बारा, मग टिंब, मग दोन, पुन्हां टिंब व शेवटीं शून्य असा आंकडा होता. मोडींत मात्र ‘रुपये ३१२॥’, म्हणजे तीनशें साडेबारा, असें स्वच्छ लिहिलेलें. आम्हीं इंग्रजी आंकडा तीनशें बारा रुपये दोन आणे असा वाचला, दोहोंत सहा आण्यांचा फरक काढला, आणि नकलेच्या समासांत ‘मोडी लिहिणाराची चूक अथवा लबाडी’ असा शेरा मारून मोकळे झालों.

चूक त्या लिहिणाराची नव्हती, आमची होती. मुंबईच्या इंग्रजी हिशेबांत त्या काळीं रुपयाचे आणे-पै पाडीत नसत. रुपयाचे चार क्वार्टर, म्हणजे आपले चार पाव, आणि दर पावाचे शंभर रेस, मिळून रुपयाचे चारशें रेस, असा तो हिशेब होता. रेस हें नांव पोर्तुगीज नाण्याचें. १६६१ च्या विवाहतहानें मुंबई पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाकडे आली, १६६५ त प्रत्यक्ष ताबा मिळाला, आणि १६६८ त राजानें ती सोन्याच्या नाण्यांत सालिना दहा पौंड इतक्या खंडावर कंपनीच्या हवालीं केली. धनी दोनदां बदलले, परंतु हिशेबाच्या वहींत पहिल्या धन्याचा शब्द राहून गेला. तेव्हां आमच्या पावतींतील मधला दोनाचा आंकडा दोन आण्यांचा नव्हे, दोन पावांचा, म्हणजे आठ आण्यांचा. मोडींतील दोन उभ्या रेघा आणि इंग्रजींतील दोनाचा आंकडा हे एकच बोलत होते. त्यांच्यांत भांडण लावून दिलें तें आम्हीं.

या प्रसंगापासून आम्ही इंग्रजी कागदांतील रकमांच्या चिन्हांकडे, तीं आंकड्याच्या कोणत्या बाजूस आहेत व कोठवर बोलतात याकडे, अधिक लक्ष देऊं लागलों. मोडी वाचणारांची दृष्टि मोडीच्या बारकाव्यांस सरावलेली असते. पण त्याच पुडक्यांत इंग्रजी पान निघालें कीं तें सोपें आहे असा समज होतो, व तेथेंच ठेंच लागते. पुढील उदाहरणांत इंग्रजी ‘आर्-एस्’ या अक्षरांच्या जागीं आम्ही ‘रु.’ असें छापीत आहों, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

प्रथम मुंबईचाच विषय पुरा करूं. ‘रु. ५.२.५०’ असें आढळल्यास तें पांच रुपये, दोन पाव व पन्नास रेस. पंचवीस रेसांचा एक आणा होतो; म्हणून रक्कम पांच रुपये दहा आणे, आपल्या पद्धतीनें ५॥=. येथें घोटाळा होत नाहीं, कारण आण्याच्या पै बाराच, आणि पन्नास पै असूंच शकत नाहींत. परंतु ‘रु. ७.३.१०’ ही रक्कम दोन्ही तऱ्हांनीं वाचतां येते. आणे-पै धरल्यास सात रुपये तीन आणे दहा पै; पाव-रेस धरल्यास सात रुपये बारा आणे व वर कांहीं पै; फरक साडेआठ आण्यांहून अधिक. अशा वेळीं एका रकमेवर अडून न बसतां सगळें पान पाहावें. मधल्या रकान्यांत कोठेंहि तिहींच्या वरचा आंकडा आला तर ते पाव नव्हेत. शेवटच्या रकान्यांत अकरांच्या वरचा आंकडा आला तर त्या पै नव्हेत. दहा-बारा ओळींचा हिशेब असला कीं यांपैकीं एक खूण बहुधा सांपडतेच. १८३५ च्या सतराव्या कायद्यानें कंपनीच्या मुलखांत १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया चालू झाला, आणि त्यानंतर मुंबईची ही पाव-रेसांची रीत मागें पडली. मद्रासेकडील जुने इंग्रजी कागद ज्यांच्या हातीं येतात त्यांना तर रुपयाचेंहि साह्य नाहीं. तेथें पागोडा, त्याचे बेचाळीस फनम, व फनमाचे ऐंशीं कास अशी उतरंड आहे, आणि लिहिण्याची ढब तीच, तीन आंकडे व मध्यें टिंबें.

म्हणजे आंकड्याच्या आधीं असलेलें चिन्ह फक्त सर्वांत मोठ्या नाण्याचें नांव सांगतें. खालच्या नाण्यांविषयीं तें मुकें असतें. त्यांचीं नांवें वहीच्या माथ्यावर, रकान्यांच्या डोकीवर, एकदांच लिहिलेलीं असतात, आणि पुढील पानांवर कारकून तीं गृहीत धरतो. विक्रेते एखाद्या वहीचीं पानें सुटीं करून शोभेकरितां विकतात, किंवा बांधणी करणारा वरचा समास कापून चौकट नीट करतो, तेव्हां हीं नांवें जातात. राहतो तो केवळ आंकड्यांचा ढीग. आमच्या संग्राहक बंधूंनीं फाटकें कां होईना पण माथ्यासह पान घ्यावें, असें आम्ही आग्रहानें म्हणतों.

आतां हें चिन्ह आधींच कां? इंग्रजी बोलणारा ‘पांच पौंड’ म्हणतो. लिहितांना मात्र पौंडाची खूण आधीं करून मग पांचाचा आंकडा काढतो. जीभ एका क्रमानें व लेखणी दुसऱ्या क्रमानें चालते. हा क्रम तेथें मुळापासूनचा नव्हे. पौंड, शिलिंग व पेनी यांचीं एल्, एस्, डी हीं अक्षरें लॅटिन लिब्रा, सोलिडस व देनारिउस यांचीं. शार्लमेनच्या काळापासून एक पौंड रुप्याचे २४० देनारिउस, बारांचा एक सोलिडस, विसांचा एक लिब्रा, ही मांडणी युरोपांत रूढ झाली. मध्ययुगांतील व ट्यूडर राजांच्या काळांतील इंग्रजी हिशेब रोमन आंकड्यांत आहेत, आणि त्यांत तिन्ही नाण्यांचीं अक्षरें आंकड्याच्या मागें, बहुधा थोडीं वर उचलून, लिहिलेलीं दिसतात. म्हणजे तेव्हां लेखणी जिभेच्याच मागून जात होती.

पुढें आपल्या देशांतून अरबांच्या मार्गें गेलेले दशमान आंकडे हिशेबांत शिरले व पौंडाच्या एल् अक्षरानें हळूहळू आपली जागा बदलली. आडवी रेघ मारलेला मोठा एल्, म्हणजेच £ ही खूण, पुढें येऊन उभी राहिली. बँक ऑफ इंग्लंडच्या संग्रहालयांत ७ जानेवारी १६६१ चा एक चेक आहे; बँक स्वतः १६९४ ची, पण हा कागद तिच्याहून वडील, आणि त्यावर ही खूण स्पष्ट आहे. तथापि बदल एकदम झाला नाहीं. सतराव्या व अठराव्या शतकांतील छापील इंग्रजी ग्रंथांत शंभर पौंड लिहितांना आंकडा आधीं व तिरपा लहान एल् मागून, ही जुनी रीत सर्रास चालू होती. शिलिंग व पेनी तर शेवटपर्यंत मागेंच राहिले: पौंडाची खूण, आंकडा, आंकडा, एस्, आंकडा, डी, असा तो विचित्र मिलाफ १५ फेब्रुवारी १९७१ रोजीं ब्रिटनानें दशमान नाणें सुरू करीपर्यंत टिकला. आजहि पौंड पुढें व नवी पेनी मागें. पन्नास पेनी लिहितांना पी हें अक्षर मागून येतें, आणि पौंडांत लिहिली तर खूण पुढें येते. दोन्ही एकाच रकमेस लावणें तेथें अशुद्ध समजतात.

मोठें नाणें पुढें सरकलें व लहानें मागें राहिलीं याचें कारण, आमच्या मतें, रकान्यांच्या वहींत आहे. रकान्याच्या डोकीवर खूण आधीं दिसते, खालीं आंकडे मागाहून येतात. तीच डोळ्यांची संवय आडव्या ओळींत उतरली. हें आमचें अनुमान आहे. पण दुसरें एक कारण आहे, त्यास मात्र अनुमान म्हणण्याची गरज नाहीं, कारण प्रत्येक बँकेंतील कारकून तें जाणतो. खूण आंकड्यास चिकटून आधीं लिहिली म्हणजे तिच्या व पहिल्या आंकड्याच्या मधें दुसरा आंकडा घुसवितां येत नाहीं. खूण म्हणजे रकमेच्या दाराची कडी.

हा कडी-कोयंड्याचा विचार सर्व देशांच्या हिशेबनिसांना सुचलेला आहे. रोमन आंकड्यांत शेवटचा आय इंग्रज कारकून शेपूट लांबवून जे सारखा काढीत. त्यामुळें त्यापुढें आणखी एक आय वाढवून सातांचे आठ करतां येत नसत. आमच्याकडील हुंडी पाहा. रुपये हा शब्द आधीं, मग आंकडा, मग अक्षरीं रक्कम, मग तिचे निमे सांगून त्याचे दुप्पट द्यावे असें बजावणें. हजाराच्या हुंडींत हजार, अक्षरीं हजार, निमे पांचशें, दुप्पट पुरे. आंकड्यांत खाडाखोड करणाराला तीन ठिकाणीं खोटें लिहावें लागे, व निम्म्याचा हिशेब जुळवावा लागे. इंग्रजी चेकानें एका चिन्हावर जें साधलें तें आमच्या सराफांनीं भाषेनें साधलें. यांत कोणतें अधिक बळकट हें ज्यांनीं बनावट कागद हाताळले आहेत त्यांनींच सांगावें. आम्हांस हुंडीचें पारडें जड वाटतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘रु. ५००’ अशी आधीं ‘रु.’ लिहिण्याची चाल आम्हीं इंग्रजांपासून घेतली, असें कांहीं लेखक म्हणतात. मराठींत ‘रुपये पांचशें’ हा क्रम बोलण्यांतहि सहज आहे, व रोख्यांत, हुंडींत तो इंग्रजी कचेऱ्यांच्या आधींपासून चालत आला आहे. शिवाय आमच्या पद्धतींत त्याची गरजहि होती. पाव, अर्धा, पाऊण यांच्या उभ्या रेघा आणि आण्यांच्या आडव्या रेघा यांत नाण्याचें नांव नसतें. ३१२॥ हे रुपये असतील, मण असतील, खंडी असतील. ज्या वहींत धान्य व रोकड शेजारीं शेजारीं, तेथें ‘रुपये’ हा शब्द आधीं लिहिल्याविना वाचणारास मार्ग नाहीं. मात्र बंगाल्यांत हीच अडचण निराळ्या रीतीनें सोडविली. तेथें रुपयाची खूण आंकड्याच्या मागें जोडीत असत. तेव्हां पुढें कीं मागें हा प्रश्न केवळ इंग्रजीचा नव्हे. प्रत्येक दप्तराचें आपलें वळण असतें, आणि तें ओळखावें लागतें.

इंग्रजांपासून खरोखर आलें तें मागचें शेपूट. आजहि आपण ‘रु. ५००/-’ असें लिहितों. ही तिरपी रेघ म्हणजे शिलिंगाच्या एस् अक्षराचें जुनें लांब रूप, घाईनें लिहितां लिहितां सरळ झालेलें. इंग्लंडांत ‘५/-’ याचा अर्थ पांच शिलिंग, पेनी कांहीं नाहीं. ‘२/६’ म्हणजे दोन शिलिंग सहा पेनी. तिकडे तिरपी रेघ हीच शिलिंगाची खूण असे, व आडवी रेघ ‘खालीं कांहीं नाहीं’ असें सांगे. आपल्या कचेऱ्यांनीं रेघांची जोडी उचलली, शिलिंग तेथेंच सोडला. पुढें ‘रु.’ ची कडी, मागें ‘/-’ चा अडसर, आणि अक्षरीं रकमेस ‘फक्त’ किंवा ‘मात्र’. इंग्लंडांत शिलिंग १९७१ त गेला. त्याची तिरपी रेघ इकडे घरोघरच्या पावत्यांवर सुखानें नांदत आहे. आणे-पै असतां मात्र तिरप्या रेघेऐवजीं मधें आडव्या रेघा देत, जसें ‘रु. ५-८-०’, पांच रुपये आठ आणे. या आडव्या रेघांस उणेचें चिन्ह समजून घोटाळा केलेला एक विद्यार्थीहि आम्हीं पाहिला आहे, परंतु तो विनोदाचा भाग.

इतर देशांत लवकर फिरून येऊं. अमेरिकेच्या डॉलरचें $ हें चिन्ह स्पॅनिश पेसोच्या पी व एस् या संक्षेपापासून निघालें, असें फ्लोरियन काजोरी यांनीं गणितचिन्हांच्या इतिहासाच्या दुसऱ्या भागांत, १९२९ त, हस्तलिखितांच्या आधारें दाखविलें. डॉलर पुढें व सेंट मागें, ही तेथील वांटणी पौंड-पेनीच्या वळणाची आहे. कॅनडांत तर एकाच देशांत इंग्रजी लिहिणारा चिन्ह पुढें घालतो व फ्रेंच लिहिणारा मागें. युरोचेंहि तेंच, इंग्रजींत पुढें, बहुतेक इतर भाषांत मागें व मधें थोडी जागा सोडून.

पोर्तुगिजांची रीत या सर्वांहून निराळी, आणि गोव्याच्या कागदांमुळें ती आम्हांस जाणून घेणें प्राप्त आहे. त्यांचें सिफ्रांव हें चिन्ह, दिसण्यांत डॉलरसारखें, आंकड्याच्या पुढेंहि नाहीं व मागेंहि नाहीं. तें पोटांत असतें. ‘२$५००’ म्हणजे दोन हजार पांचशें रेइश; चिन्ह हजार व शेंकडा यांच्या मधें. १९११ त पोर्तुगालानें एस्कुदो हें नाणें सुरू केलें व हजार रेइशांचा एक एस्कुदो ठरविला. त्यामुळें चिन्ह जेथल्या तेथें राहिलें, आणि जें हजारांचें दार होतें तें आतां पूर्णांक-अपूर्णांकाचें दार झालें. गोव्यांत रुपिया व टांग यांचा व्यवहार पुष्कळ काळ चालला. १९५८ च्या सुमारास रुपियास सहा या भावानें एस्कुदो आला, आणि १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाल्यावर भारतीय रुपया आला. त्या थोड्या वर्षांच्या गोमंतकी पावतींत ‘१२$५०’ दिसल्यास ते साडेबारा एस्कुदो होत. अमेरिकन डॉलर नव्हेत, आणि साडेबारा हजारहि नव्हेत. जुन्या बाजारांत असला कागद ‘परदेशी डॉलरची पावती’ म्हणून दाखविला गेल्याचें आमच्या कानीं आहे.

इंग्रजी राज्याच्या छापील अर्थसंकल्पांतहि एक खड्डा आहे, तो संशोधकांनीं टाळावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भागांत हिंदुस्थान सरकारच्या जमाखर्चाच्या पत्रकांत ‘आर्-एस्’ ऐवजीं ‘आर्-एक्स्’ असा संक्षेप आढळतो. एका अक्षराचा फेर, पण रक्कम दसपट. ‘आर्-एक्स्’ म्हणजे दहा दहा रुपये. रुपया दोन शिलिंगांचा होता तेव्हां दहा रुपयांचा पौंड होई, आणि आंकडे पौंडांत दाखविण्याची संवय होती. रुप्याचा भाव उतरला, १८९३ त टांकसाळी लोकांच्या रुप्यास बंद झाल्या, १८९९ त पंधरा रुपयांचा सॉव्हरिन ठरला. दहा रुपयांचा पौंड केव्हांच उरला नव्हता, तरी जुन्या पत्रकांशीं ताळा पडावा म्हणून दहाचा गट या संक्षेपानें जिवंत ठेवला. चिन्ह त्याच जागीं, आंकड्याच्या आधीं. म्हणून डोळा फसतो. एकटा रुपया असला कीं इंग्रजींत ‘आर्-ई’ लिहीत, तें मात्र निरुपद्रवी आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या कागदांचेहि आतां संग्रह होऊं लागले आहेत, म्हणून त्यांच्याविषयीं दोन शब्द. १९५५ च्या दुरुस्ती कायद्यान्वयें १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. ‘नये’ हा शब्द १ जून १९६४ पासून गळला. १९५७ नंतरच्या एक-दोन वर्षांच्या किरकोळ वह्यांत जुनी आडवी रेघ व नवें टिंब एकाच पानावर येणें शक्य आहे, व ‘५-८’ आणि ‘५.०८’ यांत जवळ जवळ पावणेसात आण्यांचें अंतर आहे. १५ जुलै २०१० रोजीं सरकारनें उदय कुमार यांनीं रेखाटलेलें ₹ हें चिन्ह मान्य केलें. देवनागरी र व रोमन आर् यांचा तो मेळ आंकड्याच्या पुढेंच बसला. लोक मात्र ‘₹ ५००/-’ लिहून वर ‘रुपये’ हा शब्दहि मागून जोडतात. इतकीं कुलुपें हुंडीवाल्यांनींहि लावलीं नसतीं.

आतां मूळ मुद्दा. जुने इंग्रजी कागद छापतांना संपादक, वाचकांची सोय म्हणून, रकमा एकसारख्या करतात. मागचा एल् काढून पुढें £ घालतात, ‘७.३.१०’ चे ‘७-३-१०’ करतात. लाखाच्या ठिकाणचा स्वल्पविराम १,००,००० वरून १००,००० असा हलवितात. हेतु चांगला असतो. पण चिन्ह मागें होतें कीं पुढें यावरून लिहिणाराचें वळण कळतें. टिंब होतें कीं आडवी रेघ यावरून मुंबईचा हिशेब कीं आण्यांचा, याचा माग लागतो. स्वल्पविराम कोठें होता यावरून लिहिणारा लक्ष-कोटींत विचार करणारा होता कीं विलायतेहून नुकता आलेला, हें उमगतें. एकसारखी केलेली नक्कल वाचावयास सोपी आणि साक्षीस निरुपयोगी. आमच्या पावतीची नक्कल जर आम्हीं त्या पद्धतीनें छापली असती, आणि मूळ कागद पुढें वाळवीच्या तोंडीं गेला असता, तर ‘रु. ३१२-२-०’ हा आमचा आंकडा कायमचा खरा ठरला असता. मोडी लिहिणारा कायमचा सहा आण्यांचा चोर.

म्हणून नक्कल करतांना चिन्ह ज्या बाजूस असेल त्याच बाजूस ठेवावें, टिंब-रेघ जशीच्या तशी उतरावी, रकान्यांचे मथळे पहिल्या पानावरून घेऊन दर पानाच्या नकलेवर चौकटींत लिहावे. आपण जो अर्थ लावला असेल तो टीपेंत, आपल्या नांवावर. एवढ्यानें छपाईचा खर्च थोडा वाढतो, त्यास इलाज नाहीं.

ती पावती तिच्या मालकांकडे परत गेली आहे. आमची नक्कल आमच्यापाशीं आहे. समासांतील जुना शेरा आम्हीं पुसला नाहीं; त्यावर एक रेघ ओढून खालीं ‘दोन पाव = ॥; मोडी बरोबर; वाचणाराची चूक’ असें लिहिलें व त्या दिवसाची तारीख घातली.